मधल्या ओळीचे टाके

आमच्या दोन घरांत मिळून सतरा पडदे होते. आमच्याकडे नऊ: तीन फोन, एक टॅब, फ्रिजच्या दारावरचा एक, कणीक मळायच्या यंत्रावरचा तळहाताएवढा, आईच्या शिलाई मशीनचा, बाबांच्या स्कूटरचा आणि बैठकीतला टीव्ही. भिंतीपलीकडे मोठ्या आईकडे, म्हणजे थोरल्या काकूकडे आठ: दोन फोन, तिच्या मुलीने, सायलीताईने, लग्नाआधी वापरलेला टॅब, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा एक, टीव्ही, वॉशिंग मशीन, घरघंटी आणि मोठ्या बाबांचं घड्याळ. मधली भिंत नऊ इंचांची. मी फलटणला आले की तिच्या दोन्ही बाजूंना मिळून माणसं पाच. त्यांपैकी दोघी अकरा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या.

पडद्यांची मोजणी माझ्या कामाचा भाग होती. माणसांची नव्हती, असं तेव्हा मला वाटत होतं.

एम.एस्सी. झाल्यावर मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले. आमच्या यंत्रणेचं नाव ‘अखंड’. कल्पना जुनीच आहे. फोनवर सुरू केलेलं काम दुसऱ्या यंत्रावर पुढे न्यायचं, हे लोक कधीपासून करतात. पण त्यासाठी प्रत्येक यंत्राला आधी सांगावं लागे, की मी अमुक आणि हा माझा पासवर्ड. अखंडला काहीही सांगावं लागत नाही. काम तुमच्या हातामागे जातं.

ते असं. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा तो अगदी सूक्ष्म थरथरतो. ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण पडद्यामागच्या दाबमापकाला कळते. त्यात प्रत्येकाची लय वेगळी असते: बोट कुठे जोर देतं, कुठे रेंगाळतं, थांबल्यावर पुन्हा कधी निघतं. या सगळ्याची मिळून जी आकृती होते, तिला आम्ही हातखूण म्हणतो. तुम्ही कोणत्याही पडद्यावर चार सेकंद बोट ठेवलंत, की तो पडदा तुमचा. फ्रिजवर अर्धवट सोडलेलं वाक्य स्कूटरवर पुढे बोलता येतं. शिवाय तुम्ही पुढे काय करणार होतात, याचाही अखंड अंदाज बांधतं आणि पुढच्या पडद्यावर ते हाताशी आणून ठेवतं.

दोन हातखुणांमधलं साम्य शून्य ते एक या मापात मोजतात. ०.९२ च्या वर गेलं, की हात एकाच माणसाचा. प्रयोगशाळेत आम्ही जुळ्या बहिणींच्या नऊ जोड्या तपासल्या होत्या. सर्वाधिक साम्य ०.८४ आलं होतं.

प्रत्यक्ष घरांमधली चाचणी करायची वेळ आली, तेव्हा मी आमच्या दोन घरांची नावं दिली. आईने आणि मोठ्या आईने वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला, “तिकडं पण लावणार आहेस का?” मी हो म्हटलं. दोघीही “बरं” म्हणाल्या आणि विषय बदलला.

*

सोमवारी सकाळी आईने मला फ्रिजपाशी बोलावलं.

“स्वरदा, हे बघ. तुझं यंत्र आगाऊ आहे.”

आदल्या दिवशी तिने वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण फ्रिजच्या पडद्यावर लिहायला घेतलं होतं आणि कुकर झाला म्हणून मध्येच सोडलं होतं. आता पाव किलो धन्यांचे अर्धा किलो झाले होते आणि खाली एक नवी ओळ आली होती: दगडफूल, दोन मुठी.

“यंत्र आपण होऊन आकडे बदलत नाही,” मी म्हणाले. “हे कुणीतरी माणसानेच बदललंय.”

आईने चष्मा वर सरकवला. “दोन मुठी दगडफूल घालणारी बाई अख्ख्या फलटणात एकच आहे.” मग भिंतीकडे तोंड करून, जरा मोठ्याने, “खोकला येतो त्यानं! माणसं मसाला खातात, धुरी घेत नाहीत!”

भिंतीपलीकडे पातेल्यावर झाकण आपटल्याचा आवाज आला.

मी तिकडे गेले. मोठी आई भाकरी थापत होती. तिने परातीतून नजर वर केली नाही.

“सकाळी दळण लावायला गेले, तर घरघंटीवर यादी. मला वाटलं, मीच काल लिहिली असेल. मग बघते तर धने पाव किलो. एवढी काही मी अजून भ्रमिष्ट झालेली नाही.”

“म्हणजे यादी तुझी नाही हे तुला कळलं होतं.”

“कळलं की.”

“मग बदललीस का?”

“चुकलेलं दिसलं तर तसंच ठेवायचं?” तिने भाकरी तव्यावर टाकली. “माणसं मसाला खातात म्हणे. मिळमिळीत खातात.”

मी नोंदी उघडल्या. आईची हातखूण आणि मोठ्या आईची हातखूण. साम्य ०.९५.

मी मोजणी पुन्हा केली. मग थरथर मोजणाऱ्या पट्ट्या दोघींच्या मनगटांवर बांधून पुन्हा केली. ०.९५. नात्याने या दोघी जावा. एक माणदेशातली, एक बारामतीची. रक्ताचा काही संबंध नाही. तरी अखंडच्या मते त्या सतरा पडद्यांवर एकच बाई काम करत होती.

*

“शुक्रवारपर्यंत त्या दोघींना वेगळं कर,” मुजावर मॅडम फोनवर म्हणाल्या. डॉ. निलोफर मुजावर आमच्या गटाच्या प्रमुख. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणूनच भीती वाटते. “नाहीतर ती दोन्ही घरं चाचणीतून काढ. एकीचं काम दुसरीकडे उघडतंय, याला आपल्या धंद्यात गळती म्हणतात.”

“कारण शोधू का आधी?”

“शोध ना. पण शुक्रवारपर्यंत.”

कारण मला वाटलं त्याहून लवकर सापडलं. आमच्या घरात बाळाची गोधडी दोन सुयांनी शिवतात. एक जाऊ एका कडेने बसते, दुसरी समोरच्या कडेने. ओळीमागून ओळ घालत दोघी आत सरकतात. शेवटची मधली ओळ उरते, ती दोघींनी दोन टोकांकडून घालत यायची आणि जिथे सुया भेटतील तिथे गाठ मारायची. आई लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे सत्तावीस वर्षं, या दोघी समोरासमोर बसून शिवत होत्या. घरच्या गोधड्या, भावकीच्या, मग गल्लीतल्या बाळंतिणींच्या. कापड एकच, ताण एकच. एकीने दोरा ओढला की दुसरीच्या बोटांना कळायचं.

एकाच भिंतीवर लंबकाची दोन घड्याळं टांगली, तर काही वेळाने त्यांचे लंबक एका लयीत येतात. भिंतीतून जाणाऱ्या बारीकशा धक्क्यांनी ती एकमेकांना सांभाळून घेतात. इथे भिंतीच्या जागी गोधडी होती.

आणि अबोला अशाच एका गोधडीवरून होता. गेल्या वर्षी सायलीताईच्या लग्नात, रुखवत मांडताना मोठ्या आईने दोघींनी मिळून शिवलेली गोधडी उलगडली आणि मधल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे टाके माझे नाहीत. माझे उसवून कुणी घातले?” आईने सांगितलं, की मीच घातले, पण मी माझे उसवले, तुमचे नाही. “माझे टाके मला कळत नाहीत होय गं?” “आणि मला माझे कळत नाहीत होय, ताई?” हॉलमध्ये दोन्हीकडचे पाहुणे होते. बाईच्या हातचे टाके तिच्यामागे उसवणं म्हणजे आमच्याकडे तिच्या ताटातली भाकरी बदलण्यासारखं. त्या दिवसापासून भिंत नऊ इंचांची राहिली नाही.

दोघे भाऊ मात्र रोज सकाळी एकत्र चहा घ्यायचे. बायकांच्या भांडणात न पडण्याची त्यांची जुनी साधना आहे.

आता सायलीताई पुढच्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि बाळाची गोधडी कुणीच शिवायला काढत नव्हतं. एका सुईची गोधडी आमच्या घरातल्या बाळाच्या अंगाखाली आजवर गेलेली नव्हती.

*

मंगळवारी दुपारी आई टॅबवर ठिगळं मांडत बसली होती. जुन्या साड्यांचे फोटो काढून त्यांचे चौकोन करायचे आणि बोटाने सरकवून जुळवायचे. मी विचारलं, तर म्हणाली, “उगीच. वेळ जात नाही.” अर्धी मांडणी झाली आणि ती उठली.

कारण नसताना माझी आई कधी काम अर्धवट सोडून उठल्याचं मला आठवत नाही. ती जेवताना फोन घेत नाही. मी तिच्याकडे पाहिलं.

“काय बघतेस? पाठ दुखली.”

तासाभराने शिलाई मशीनचा पडदा उजळला. मांडणी पुढे गेली होती. कोपऱ्यातलं हिरवं ठिगळ मध्यभागी आलं होतं आणि त्याच्या बाजूला कुंकवाच्या रंगाची दोन नवी.

“हिरवं कोपऱ्यात शोभत नाही, असं कुणाला तरी वाटतंय,” आई भिंतीला म्हणाली.

“कोपऱ्यात काय दिसायचंय ते!” भिंत म्हणाली.

“मध्ये ठेवलं तर मळतं!”

“बाळ आहे, मळवणारच!”

अकरा महिन्यांत दोघींमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं होतं आणि दोघींनीही ते बोलणं म्हणून मोजलं नाही, कारण नाव कुणी घेतलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मांडणी वीस वेळा भिंतीच्या आरपार गेली. मी नोंदींमध्ये एक गंमत पाहिली. आई उठताना अखंड अंदाज बांधत होतं, की ही आता अमुक ठिगळ उचलणार होती, आणि पलीकडच्या पडद्यावर ते पुढे आणून ठेवत होतं. मोठी आई दहापैकी आठ वेळा तेच ठिगळ उचलत होती. उरलेल्या दोन वेळा ती मुद्दाम दुसरं उचलत होती. मुद्दाम, कारण तिचं बोट आधी त्याच ठिगळाकडे गेल्याचं नोंदीत दिसत होतं.

इकडे माझा उपाय तयार होता. हातखुणेच्या जोडीला आवाज तपासायचा. चार ओळींचा बदल. एकदा लावला, की दोन बायका दोन होणार, गळती बंद, मॅडम खूश. मी बुधवारी रात्री जेवणाआधी तो लावला आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

*

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आई आली.

“फ्रिज बिघडलाय.”

“काय झालं?”

“काल ठेवलेलं ठिगळ तिथंच आहे.”

मी काही बोलायच्या आत मोठ्या बाबांचा फोन आला. “स्वरदा बाळा, इकडं येऊन जा जरा. हिची घरघंटी बिघडली म्हणते. दळतेय चांगली, पण हिला नुसतं दळून समाधान नाही.”

मोठी आई दारातच उभी होती. “यादी येत नाही, काही येत नाही. नुसतं माझंच माझ्यापुढं येतंय.”

तिथेच मी उपाय काढून टाकला. मग सायलीताईला फोन लावला आणि विचारलं, रुखवतातली गोधडी धुतली आहेस का.

“नाही गं, कपाटात आहे. वापरायचं धाडसच होत नाही. का?”

“मधल्या ओळीची उलटी बाजू मला जवळून दाखव.”

टाके उसवले तरी सुती कापडात सुईची भोकं राहतात. पाणी लागलं, की धागे फुगतात आणि ती मिटतात. ही गोधडी धुतलेली नव्हती. फोटोमध्ये नव्या टाक्यांच्या मागे जुन्या टाक्यांची भोकं स्पष्ट दिसत होती. मी त्यांच्यातली अंतरं मोजली, वळणं मोजली आणि दोघींच्या आत्ताच्या टाक्यांशी ताडून पाहिली. उसवलेले टाके आईचे असण्याची शक्यता ०.५१. मोठ्या आईचे असण्याची ०.४९.

दुपारी मी दोघींना मागच्या ओट्यावर बोलावलं. तो दोन्ही घरांचा मिळून एक आहे. पट्ट्यांची तपासणी करायची आहे, असं दोघींना सांगितलं होतं. एकमेकींबद्दल सांगितलं नव्हतं. दोघी आल्या, दोन टोकांना बसल्या आणि दोघींनीही समोरच्या शेवग्याकडे बघायला सुरुवात केली.

मी सगळं सांगितलं. हातखूण, घड्याळं, ०.९५, मुजावर मॅडम, शुक्रवार. मग भोकांचे फोटो दाखवले.

मोठी आई मला म्हणाली, “म्हणजे यंत्रालाही कळत नाही ते कुणाचे होते?”

“नाही. कुणालाच कळणं शक्य नाही.”

“मग तिला कसं कळलं, की ते तिचे होते, ते विचार.”

“तुम्हाला कसं कळलं तुमचे होते ते?” आई शेवग्याला म्हणाली.

“आधी मी विचारलंय.”

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “वाकडे होते,” ती म्हणाली. “चार-पाच टाके वाकडे होते. म्हटलं, ताईंचे असायचे नाहीत. माझेच असणार. लग्नात लोक बघतील, ताईंच्या नीट ओळीत माझी घाण दिसेल, म्हणून उसवले.”

मोठ्या आईने पहिल्यांदाच मान वळवली.

“अगं ए छाया,” ती म्हणाली. “डोळ्यांत पाणी येऊन घातलेले टाके होते ते माझे. पोरगी जायची म्हणून. मला माहीत होतं वाकडे पडलेत. सकाळी बघते तर सरळ. मला वाटलं, माझं वाकडं तुला सहन झालं नाही.”

“ते तुमचे होते?”

“मला तसंच वाटलं. वाकडे, म्हणजे माझेच.”

“त्या दिवशी मी पण रडतच शिवत होते, ताई.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मोठ्या आईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. तिच्यापाठोपाठ आईला. दोघी इतक्या हसल्या, की दोन्ही मागची दारं उघडली आणि दोन्ही भाऊ बघायला आले. बाबांनी मला खुणेने विचारलं, काय झालं? मोठ्या बाबांनी त्यांचा दंड धरला. “आत चल. यात पडायचं नाही.”

*

शुक्रवारी मुजावर मॅडमना मी जे मोजलं ते सगळं पाठवलं. उपाय तयार आहे, हेही लिहिलं. आणि तो या दोन घरांत लावू नये अशी शिफारस केली. दहा मिनिटांत फोन आला.

“त्या दोघींना विचारलंस?”

“विचारायचं राहिलं.”

“मग शिफारस कुणाची आहे? तुझी? हात त्यांचे आहेत, स्वरदा. आधी त्यांना विचार.”

मी फोन चालू ठेवून तसाच ओट्यावर नेला. दोघी जुनी लुगडी फाडत बसल्या होत्या. मी विचारलं: यंत्राने तुम्हाला वेगळं ओळखावं का?

“आणि मग हिच्या मसाल्यात धने कोण मोजणार?” मोठी आई म्हणाली.

“गोधडी, मसाला, वाणसामान राहू दे एकत्र,” आईने विचार करून सांगितलं. “पण माझे फोनवरचे मेसेज नकोत दुसरीकडे जायला.”

“वाचलेत मी. काही नाहीये त्यात.”

“ताई!”

“तुझ्या भावाला माझ्याबद्दल लिहिलंस ते तेवढं वाचलं. चांगलं लिहिलंस. माझं नाक तेवढं लांब नाही, पण असो.”

फोनमधून मुजावर मॅडमचं हसणं ऐकू आलं. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “मेसेज वेगळे. बाकीचं सामाईक, दोघींच्या संमतीने. संमती कधीही मागे घेता यायला हवी. तशी सोय आपल्याकडे नाहीये. बनव. आणि अहवालात ‘गळती’ हा शब्द मी लिहिला होता, तो खोड. दुसरा शोध.”

दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. त्या रकान्यात सध्या ‘जावा’ असं लिहिलं आहे.

*

सायलीताईला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दुपारी ओट्यावर गोधडी अंथरली होती. हिरवं ठिगळ मध्यभागी होतं आणि कुंकवाच्या रंगाची कोपऱ्यांत. हे कसं ठरलं ते मी विचारलं नाही. आई एका टोकाला, मोठी आई दुसऱ्या टोकाला. दोघींच्या मनगटांवर माझ्या पट्ट्या होत्या आणि तोंडं अखंड चालू होती: सोयरिकी, दगडफूल, सायलीच्या सासूचा सुंठवडा, दगडफूल. मधोमध सुया भेटल्या. मोठ्या आईने गाठ मारली, आईने दाताने दोरा तोडला.

“वाकडे पडलेत गं थोडे,” मोठी आई म्हणाली.

“राहू द्या. माझेच असतील.”

“तुझे कशाला, माझेच.”

मी भिंग आणि मोजपट्टी घेऊन बसले. मधल्या ओळीची लांबी ९२ सेंटिमीटर. एकूण टाके दोनशे चौदा. दोन टाक्यांमधलं सरासरी अंतर ४.३ मिलिमीटर. वाकडे टाके नऊ. दोन्ही मनगटांच्या हातखुणांमधलं साम्य ०.९९.